हॉलिवुडमधली 'ठरवून आणलेली' विविधता खटकते का? (आणि आमच्या वाचनालयासाठी सिनेमे सुचवा)

कर्वेनगरची_मंजू

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सिनेमा दाखवतो, मग चहा-बाकरवडी आणि चर्चा. प्रेक्षक म्हणजे निम्मे पेन्शनर आणि निम्मी त्यांची नातवंडं. मधली पिढी आठवडाभर हिंजवडीची वारी करून दमलेली, ती घरी झोपते.

गेल्या वेळी मुलांच्या हट्टापायी २०२३चा 'द लिटल मर्मेड' लावला. हॅली बेली ही कृष्णवर्णीय मुलगी त्यात जलपरी झालीय. सिनेमा ठीकच आहे, मला तर लांबलाच. पण चहाच्या वेळी जुंपली. एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "हल्ली प्रत्येक सिनेमात एक काळा, एक चिनी, एक आपला, असं रेशनवर मिळाल्यासारखं वाटप असतं." त्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, "आणि सगळे गोरे असायचे तेव्हा ते वाटप नव्हतं का हो आजोबा?" झालं! वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना.

माझा कल त्या मुलीकडे आहे. पण मॅनेजरसाहेबांची चिडचिड अगदीच खोटी आहे असंही वाटत नाही. नायिकेला ब्रेकअपनंतर शहाणपणाचे चार शब्द सांगण्यापुरती येणारी कृष्णवर्णीय मैत्रीण मी इतक्या सिनेमांत पाहिलीय की ती दिसली की सल्ला येणार हे आधीच कळतं. तिला घर नाही, आई-बाप नाहीत, स्वतःचं ब्रेकअप नाही.

तर आता याच विषयावर तीन-चार सिनेमे ओळीने दाखवायचा विचार आहे. कुठले दाखवू? आणि मुळात हा बदल खरा आहे की नुसती सजावट? "त्यांचं ते बघतील, आपल्याला काय" असं लिहिणार असाल तर तसदी घेऊ नका, ते वाचनालयात ऐकून झालंय.

पेठेतला_पंत

मंजूताई, तसदी घेतोच.

सिनेमा चांगला असावा, बस. नट काळा, गोरा, हिरवा असला तरी मला फरक पडत नाही. पण आता ऑस्करवाल्यांनी नियमच केलाय की इतके अल्पसंख्याक घेतल्याशिवाय उत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत उभंच राहता येणार नाही. नियमाने कला होत नाही. उद्या पुरुषोत्तम करंडकात नियम काढा की प्रत्येक एकांकिकेत एक कोकणी आणि एक वऱ्हाडी हवा. चालेल?

आणि जलपरी डेन्मार्कची आहे. अँडरसनने १८३७ साली लिहिलीय. एवढंच.

तपशीलवाली

पंत, नियम वाचलात का? मी वाचलेत. वकिलीची खोड, पाय मोडला तरी जात नाही (सध्या खरंच मोडलाय, म्हणून वेळ आहे).

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ते निकष सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर केले आणि २०२४च्या सोहळ्यापासून ते सक्तीचे झाले. निकषांचे गट चार: पडद्यावरचे कलाकार आणि विषय, पडद्यामागचे प्रमुख आणि तंत्रज्ञ, नवख्यांना प्रशिक्षण आणि उमेदवारीची संधी, आणि जाहिरात-वितरण विभागातली माणसं. चारांपैकी दोन गट पूर्ण केले की झालं. यात स्त्रिया आणि अपंग व्यक्तीही मोजल्या जातात. म्हणजे पडद्यावर एकही कृष्णवर्णीय नसला तरी सिनेमा पात्र ठरू शकतो. सक्तीच्या पहिल्याच वर्षी उत्कृष्ट चित्रपट कोण ठरला? 'ओपनहायमर'. त्यातले चेहरे आठवा आणि मला सांगा कुठे गळचेपी झाली.

आता तुमच्या "नियमाने कला होत नाही" याकडे येते. हॉलिवुडमध्ये नियम नव्हते कधी? १९३४पासून जी निर्मिती संहिता कडकपणे लागू झाली, तिच्यात गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध दाखवायला लेखी मनाई होती. वीसेक वर्षं ते कलम टिकलं. धाक एवढा, की तो आशियाई नटांनाही पुरला. १९३७च्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकऱ्याचं काम पॉल म्युनी या गोऱ्या नटाला दिलं. त्याच्या बायकोच्या भूमिकेवर ॲना मे वाँगचा डोळा होता. ती लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची, त्या काळची मोठी नटी. पण नायक गोरा, मग बायकोही गोरीच हवी. भूमिका लुइझ रेनरला गेली, डोळ्यांना मेकअप करून ती चिनी झाली आणि त्यावर तिला ऑस्करही मिळालं. वाँगला देऊ केली होती खलनायिकेसारखी दुय्यम भूमिका, ती तिने नाकारली.

म्हणजे नियम होतेच. फक्त ते बाहेर ठेवायचे होते, आणि तेव्हा कलेचं काय होणार याची कुणाला चिंता नव्हती.

आणखी एक, मग थांबते. 'गॉन विथ द विंड'साठी हॅटी मॅकडॅनियलला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, फेब्रुवारी १९४०. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. सोहळा ज्या हॉटेलात होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने शब्द टाकून तिला आत आणलं, पण बसवलं भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर. पुढे मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर कृष्णवर्णीय स्त्रीला मिळायला २००२ उजाडलं. हॅली बेरी. आणि २०२५च्या सोहळ्यापर्यंत दुसरी नाही.

पेठेतला_पंत

ओपनहायमरचं ठीक आहे. जलपरीचं काय?

तपशीलवाली

जलपरीचा डोमिसाइल दाखला मागवलाय. तहसीलदार रजेवर आहेत.

लाइटवाले_काका

वर सगळे कोण दिसतं त्याबद्दल बोलताय. मी थोडं कसं दिसतं त्याबद्दल लिहितो. आयुष्य लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळातल्या फोटो स्टुडिओत गेलं, आणि मधली काही वर्षं जाहिरातपटांच्या युनिटवर लाइट लावण्यात.

रंगीत फोटोचा धंदा सुरू झाला तेव्हा लॅबमध्ये एक कार्ड असायचं. रंगीत कपडे घातलेली एक गोरी बाई. कोडॅकने पाठवलेलं. मशीन लावताना त्या कार्डाशी जुळवायचं: बाईची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली होतं म्हणून जगभर त्याला शर्ली कार्डच म्हणत. आता विचार करा, पुण्यातल्या लॅबमध्ये, पुण्यातल्या लग्नांचे फोटो, आणि 'बरोबर रंग' ठरवणारी बाई अमेरिकेतली. सावळ्या नवरीचा चेहरा मग एकतर विटकरी यायचा, नाहीतर पिवळ्या अष्टपुत्रीच्या वर नुसता काळा डाग. डोळे आणि दात तेवढे दिसायचे. घरचे म्हणायचे, मुलगी फोटोजेनिक नाही. मुलीचा काही दोष नव्हता हो. फिल्मच गोऱ्या कातडीसाठी जुळवलेली.

कोडॅकने फिल्म पुढे सुधारली. का सुधारली? तिथे काम केलेल्या माणसांनीच नंतर सांगितलंय की तक्रारी आल्या त्यात चॉकलेटवाले आणि फर्निचरवाले होते. काळं चॉकलेट आणि दुधाचं चॉकलेट जाहिरातीत सारखंच दिसतं, शिसवी आणि सागवानी कळत नाही. माणसांचे चेहरे इतकी वर्षं कळत नव्हते ते चाललं, चॉकलेट कळेना म्हटल्यावर खटपट सुरू झाली. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला नव्वदचं दशक उजाडलं.

आता हॉलिवुड. तिथेही हीच फिल्म, उजेड मोजायचा हाच मीटर. मीटरला माणूस कळत नाही, तो समोर येईल ते मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो. गोरा नट आणि काळा नट एका फ्रेममध्ये असले की लाइट गोऱ्यासाठी लावायचा आणि दुसऱ्याचं नशीब. काही जण त्याच्यावर जास्त लाइट मारायचे. त्याने तर आणखी वाटोळं होतं, कारण गडद कातडी आरशासारखी चमक परत फेकते. कपाळ आणि नाक पांढरं फटक, बाकी चेहऱ्याची ठेवण गायब.

१९६७ साली 'इन द हीट ऑफ द नाइट' आला. सिडनी पॉइटियर त्यात फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी आहे, दक्षिणेतल्या एका गावात खुनाच्या तपासात अडकतो. कॅमेरामन हॅस्केल वेक्सलर. त्याने पॉइटियरच्या कातडीचा हिशोब आधी केला, चमक मारणारे लाइट उतरवले. हॉलिवुडच्या मोठ्या रंगीत सिनेमात हे पहिल्यांदा झालं असं मानतात. पाहा तो सिनेमा. अर्धा सिनेमा रात्रीचा आहे आणि पॉइटियरच्या कपाळावरची शीर वाचता येते. तो तुसडा गोरा पोलीसप्रमुख बोलतो आणि पॉइटियर काहीच बोलत नाही, नुसता बघतो. ते बघणं कॅमेऱ्यात उतरलं म्हणून सिनेमा उभा आहे. चेहरा दिसलाच नसता तर तिथे अभिनय कसला?

(गंमत बघा: गाव सिनेमात मिसिसिपीतलं आहे, पण पॉइटियर दक्षिणेत जायला तयार नव्हता, जिवाला धोका होता. म्हणून शूटिंग बहुतेक इलिनॉयमधल्या स्पार्टा नावाच्या गावात केलं. सिनेमाला उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, गोऱ्या पोलीसप्रमुखाचं काम करणाऱ्या रॉड स्टायगरला उत्कृष्ट अभिनेत्याचं मिळालं, आणि पॉइटियरला नामांकनसुद्धा नाही.)

लाइटचीच दुसरी गोष्ट, आपल्या घराजवळची. मर्ल ओबेरॉन. १९११ साली मुंबईत जन्मलेली, घरात हिंदुस्थानी रक्त. हॉलिवुडमध्ये गेली ती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मले असं सांगून, आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिली. १९३५च्या 'द डार्क एंजल'साठी तिला मुख्य अभिनेत्रीचं नामांकन होतं. पुढे अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण आले, तर ल्युशियन बॅलार्ड या कॅमेरामनने कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ बसवायचा एक छोटा लाइट तयार केला. सरळ समोरून येतो, सावल्या भरून काढतो, चेहरा उजळ आणि सपाट होतो. नंतर दोघांनी लग्न केलं. त्या लाइटला आजही तिच्या नावावरून 'ओबी' म्हणतात. मी स्वतः ओबी लावलाय कितीदा, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की हा लाइट ज्या बाईसाठी बनला ती मुंबईची होती आणि ते जन्मभर लपवत होती. २०२३मध्ये मिशेल योला मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळालं तेव्हा ती पहिली आशियाई म्हणायची की दुसरी, यावर बातम्या लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली, ती या ओबेरॉनबाईमुळे.

म्हणून मंजूताई, तुमच्या मॅनेजरसाहेबांना सांगा, नट मोजून काही कळत नाही. कॅमेऱ्यामागे कोण आहे, मेकअपच्या पेटीत कुठल्या छटा आहेत, केस कोण करतंय, ते विचारा. कृष्णवर्णीय नट्या कितीतरी वर्षं सांगताहेत की सेटवर आमच्या केसांना हात लावता येणारं कुणी नसतं, आम्ही घरूनच तयार होऊन येतो. नटी ठरवून आणली आणि बाकी सेट जुनाच ठेवला तर ती उपरी दिसणारच. मॅनेजरसाहेबांना खटकतं ते बहुधा हे असावं.

दाखवायला 'सेल्मा' घ्या, २०१४चा. मार्टिन ल्यूथर किंगच्या १९६५च्या मोर्चाचा. दिग्दर्शक एव्हा ड्युव्हर्ने, कॅमेरा ब्रॅडफर्ड यंग, दोघंही कृष्णवर्णीय. घरातले आणि तुरुंगातले प्रसंग बघा, लाइट किती कमी आहे आणि तरी प्रत्येक चेहरा वेगळा आहे. कुणाची कातडी तांबूस, कुणाची निळसर, कुणाची कॉफीसारखी. 'काळा' असा एक रंग नसतोच.

एडिसनकर

काका, दंडवत. मी मूळचा चिंचवडचा, न्यू जर्सीत राहतो, मुलं इथलीच.

आपल्या लोकांचं थोडं. इंडियाना जोन्सच्या १९८४च्या 'टेम्पल ऑफ डूम'मध्ये भारतातल्या राजवाड्यात माकडाचा थंडगार मेंदू वाढतात. भारत सरकारने पटकथा बघून परवानगी दिली नाही म्हणून शूटिंग श्रीलंकेत झालं, आणि आपले अमरीश पुरी त्यात माणसाचं काळीज उपटून काढतात. तो सिनेमा इथे अजून टीव्हीवर लागतो. त्यानंतर शाळेत डबा उघडताना पोरांना काय ऐकावं लागतं ते लिहीत बसत नाही. टीव्हीवरच्या 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतला अपू हा भारतीय दुकानदारही तसाच. १९९०पासून हँक अझारिया हा गोरा नट त्याचा आवाज काढायचा, २०२०मध्ये त्याने ते सोडलं.

पण माझ्या थोरल्याला सगळ्यात आवडतो तो २००४चा 'हॅरल्ड अँड कुमार'. एक कोरियन आणि एक भारतीय वंशाचा मुलगा, दोघांना रात्री बर्गर खायचेत, दुकान सापडत नाही. एवढीच गोष्ट, आणि वात्रटपणा भरपूर. वाचनालयात लावू नका, नातवंडं राहिली बाजूला, आजोबा उठून जातील. मला आधी कळेना, यात काय एवढं? मुलगा म्हणाला, बाबा, यात कुमारला डॉक्टर व्हायचं नाहीये आणि उच्चाराची थट्टा नाहीये. तो नुसता आळशी आहे. सद्गुणी अल्पसंख्याक दाखवणं सोपं असतं. रिकामटेकडा दाखवायला हिंमत लागते. मंजूताईंच्या त्या सल्लागार मैत्रिणीला हेच हवंय.

तुम्ही 'मिसिसिपी मसाला' दाखवा. मीरा नायरचा, १९९१. युगांडातून इदी अमीनने हाकललेलं गुजराती कुटुंब मिसिसिपीत मोटेलच्या धंद्यात आलंय, त्यांची मुलगी डेन्झेल वॉशिंग्टनच्या प्रेमात पडते. गालिचे धुणारा कृष्णवर्णीय तरुण. तोवर "आपण सगळे रंगाचे लोक, आपण एक" म्हणणारे मोटेलवाले मग कसे वागतात ते बघा. आणि त्या मोटेलवाल्यांत आपले डॉ. मोहन आगाशे आहेत! पुणेकरांना आणखी काय पाहिजे?

सावळी

दोन ओळी लिहिते, जास्त लिहिलं तर रडगाणं वाटेल.

मी पुण्यात प्रायोगिक नाटकं करते, मालिकांच्या ऑडिशनला मुंबईला जाते. ठरलेल्या भूमिका तीन: कामवाली, आदिवासी पाड्यावरची, आणि नायिकेची लग्न न झालेली मोठी बहीण. एकदा निवड झाली (मालिकेचं नाव विचारू नका) तर मेकअपदादांच्या पेटीत माझ्या रंगाचं फाउंडेशनच नव्हतं. मान एका रंगाची, तोंड दुसऱ्या.

ॲना मे वाँगबद्दल वाचून वाईट वाटलं ना सगळ्यांना? २०१९मध्ये हिंदीत 'बाला'त सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकरला रंग फासून काळं केलं. सिनेमाचा विषय काय, तर रंगावरून माणसाला कमी लेखू नये. त्याच वर्षी 'सुपर ३०'मध्ये हृतिक रोशनला असंच काळवंडवलं, कारण मास्तर बिहारचे. लुइझ रेनरचे डोळे आणि हे, फरक मला तरी दिसत नाही. मधे ऐंशी-ब्याऐंशी वर्षं गेलीत, एवढाच.

मंजूताई, हॉलिवुडचे तीन झाले की चौथा 'फँड्री' लावा. त्यात जब्या ज्या पद्धतीने आरशात बघतो ते लाइटवाल्या काकांनी समजावून सांगावं.

पेठेतला_पंत

सावळीताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे वाद घालायचा तर घालता येईल, पण घालत नाही.

जलपरी मला अजूनही पटलेली नाही, हे नोंदवून ठेवतो. जुनीच गोष्ट घेऊन रंग बदलण्यापेक्षा नवी गोष्ट लिहा. 'ब्लॅक पँथर'ने २०१८मध्ये नव्या लोकांची नवी नगरी उभी केली, तेव्हा कुठे कुणी ओरडलं? जगभर सव्वाशे कोटी डॉलरच्या वर धंदा केला. मी स्वतः ई-स्क्वेअरला जाऊन पाहिला.

तपशीलवाली

पंत, 'ब्लॅक पँथर' हे पात्र १९६६चं आहे. सिनेमा यायला बावन्न वर्षं लागली, कारण असे सिनेमे परदेशात चालत नाहीत, असं स्टुडिओवाले तोवर एकमेकांना सांगत होते. बाकी तुमचं म्हणणं मान्य. त्याच सिनेमासाठी रूथ कार्टरला वेशभूषेचं आणि हॅना बीचलरला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. दोन्ही विभागांत कृष्णवर्णीय व्यक्तीला ते पहिल्यांदाच मिळत होतं. काका म्हणतात तेच, कॅमेऱ्यामागची माणसं.

कर्वेनगरची_मंजू

सगळ्यांचे आभार. यादी ठरली: 'इन द हीट ऑफ द नाइट', 'सेल्मा', 'मिसिसिपी मसाला' (त्या शनिवारी नातवंडांना सुट्टी) आणि 'फँड्री'. मॅनेजरसाहेबांना वॉट्सअपवर पाठवली. "येईन, पण बोलेन" असं उत्तर आलंय. म्हणजे येतील आणि बोलतील.

काका, एक तांत्रिक अडचण. आमचा प्रोजेक्टर जुना आहे, दिवा मंदावलाय. रात्रीचे प्रसंग अगदीच काळे दिसतात. मी ब्राइटनेस पूर्ण चढवून ठेवते, तरी चेहरे नीट येत नाहीत. 'सेल्मा'चं काय होईल?

लाइटवाले_काका

ब्राइटनेस खाली आणा! चढवला की काळं राखाडी होतं आणि चेहरे धुऊन निघतात, लग्नाच्या अल्बममध्ये व्हायचं तेच. मेनूमध्ये 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असं काही असेल तर तेही बंद करा, 'सिनेमा' मोड लावा. मग गॅमा (म्हणजे मधल्या छटांचा उजेड) थोडा थोडा सरकवत बघा. खिडक्यांना जाड काळं कापड लावा, पश्चिमेच्या दोन खिडक्या संध्याकाळी सगळा घात करतात. आणि पडदा म्हणून भिंतीला लावलेली ती चादर काढा, धुऊन निळी पडलीय, मी मागे पाहिलीय.

शनिवारी साडेचारला येतो, सिनेमा लागायच्या आत जुळवून देतो. शिडी आणि एक्स्टेन्शन बोर्ड तेवढं काढून ठेवा.